एकास बहात्तर

दुसऱ्या महायुद्धातील विमानांच्या लहान प्रतिकृती जोडण्याचा छंद जगातील अनेक देशांत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. दुकानातून एक खोके येते. त्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग, जोडणीच्या आकृत्यांची पुस्तिका आणि पाण्यात भिजवून लावायच्या चिन्हांचा कागद असतो. या संचाला हौशी मंडळी ‘किट’ म्हणतात. खोक्यावर आभाळात झेपावणाऱ्या विमानाचे रंगीत चित्र असते आणि विमानाच्या नावाशेजारी एक अपूर्णांक छापलेला असतो : १/७२, १/४८, कधी १/१४४ किंवा १/३२. नवखा माणूस चित्र पाहून खोके उचलतो. छंदात मुरलेला माणूस आधी तो अपूर्णांक वाचतो. कारण पुढचे काही महिने, आणि घरातील एक कोपरा कदाचित कायमचा, त्या अपूर्णांकाच्या स्वाधीन होणार असतो.

अपूर्णांकाचा अर्थ सोपा आहे. नकाशा वाचणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. एकास बहात्तर म्हणजे मूळ विमानाचे बहात्तर सेंटीमीटर प्रतिकृतीत एक सेंटीमीटर होतात. लहान लढाऊ विमानाच्या बाबतीत यावर फार विचार करण्याची गरज नसते. ब्रिटनच्या स्पिटफायरचा पंखविस्तार, म्हणजे एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर, साधारण सव्वाअकरा मीटर. एकास बहात्तर प्रमाणात ते साडेपंधरा सेंटीमीटर होते आणि प्रतिकृती तळहातावर मावते. एकास बत्तीसमध्ये ते पस्तीस सेंटीमीटर होते. तरीही पुस्तकांच्या कपाटात तिला जागा काढता येते. खरी पंचाईत होते ती अवजड बाँबफेकी विमानांची. अमेरिकेच्या बी-२९ सुपरफोर्ट्रेसचा पंखविस्तार ४३ मीटर आणि लांबी ३० मीटर. जर्मनीच्या मेसरश्मिट ३२३ या वाहतुकीच्या विमानाचा पंखविस्तार तर ५५ मीटर; त्याचे नावच ‘गिगांट’, म्हणजे राक्षस. अशा विमानासमोर बसलेल्या हौशी माणसाला प्रथमच प्रश्न पडतो, की त्याला नेमके काय लहान करायचे आहे आणि ते करताना काय सोडून द्यायचे आहे.

एकास बहात्तर हा आकडा मुळात आला कोठून, हे पाहण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा इंच आणि फूट चालत. एक इंच म्हणजे सहा फूट असे मानले, की प्रमाण आपोआप एकास बहात्तर होते. सहा फूट म्हणजे धडधाकट माणसाची उंची. महाराष्ट्रात विहिरीची खोली पुरुषांत मोजण्याची रीत होती : दोन पुरुष, चार पुरुष. हा हिशेबही तसाच, एका इंचात एक पुरुष. १९३० च्या दशकात ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने याच मापाचे लाकडी संच ब्रिटनमध्ये निघाले. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ कंपनीने याच मापात प्लॅस्टिकचे संच आणले आणि त्या मालिकेला ‘पेंग्विन’ हे नाव दिले. कंपनीची आधीची विमाने खरोखर उडत असत. ही नुसती ठेवून पाहायची होती, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव!

१९४२ मध्ये या मापाला वेगळेच महत्त्व आले. अमेरिका नुकतीच युद्धात उतरली होती. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे काही क्षणांत ओळखण्याचे शिक्षण हजारो लोकांना द्यायचे होते. ओळख चुकली, तर शत्रूचे विमान निसटून जाई किंवा आपल्याच विमानावर तोफा चालत. अमेरिकन नौदलाने देशभरातील शाळांमधील मुलांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या. त्या काळ्या रंगाच्या होत्या, त्यांत बारकावे नव्हते, नुसता आकार होता. आणि त्यांचे प्रमाण एकास बहात्तर होते. अशी प्रतिकृती पस्तीस फुटांवरून पाहिली, तर ती जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. पस्तीस गुणिले बहात्तर म्हणजे २,५२० फूट. अर्धा मैल २,६४० फुटांचा. म्हणजे प्रमाण केवळ वस्तूला लागू होत नाही. वस्तू आणि पाहणारा यांच्यामधील अंतरही त्याच हिशेबाने आकसते. प्रतिकृती टेबलावर जवळ घेऊन पाहणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात राहत नाही.

युद्धानंतर, १९५० च्या दशकात, काही अमेरिकन कंपन्यांनी प्रमाणाचा प्रश्न व्यापाऱ्याच्या पद्धतीने सोडवला. दुकानाच्या फळीवर एकाच मापाची खोकी मांडणे सोयीचे, म्हणून खोक्यात बसेल त्या मापाचे विमान करायचे. परिणामी प्रचंड बाँबफेकी विमान आणि चिमुकले लढाऊ विमान दोन्ही सारख्याच आकाराची होऊन घरी येत. ससा आणि हत्ती एकाच उंचीचे दाखवणाऱ्या बालपुस्तकासारखा हा प्रकार होता. पुढे तो मागे पडला, हे बरे झाले.

आता बी-२९ चे गणित मांडून पाहावे. एकास एकशे चव्वेचाळीस प्रमाणात त्याचे पंख तीस सेंटीमीटर होतात, म्हणजे शाळेच्या कंपासपेटीबाहेर राहणाऱ्या मोठ्या पट्टीएवढे. एकास बहात्तरमध्ये साठ सेंटीमीटर. एकास अठ्ठेचाळीसमध्ये नव्वद सेंटीमीटर. एवढी प्रतिकृती घराच्या आतल्या दारातून नेताना तिरकी करावी लागते. एकास बत्तीसमध्ये एक मीटर चौतीस सेंटीमीटर. येथे प्रतिकृतीला जागा शोधण्यापेक्षा घरातील माणसांनीच सरकून घेणे सोपे. गिगांट तर एकास बहात्तरमध्येच सत्त्याहत्तर सेंटीमीटर भरते. परदेशात अशा प्रतिकृती दोरीने छताला टांगतात. भारतीय घरात छताचा मध्य पंख्याने आधीच अडवलेला असतो, आणि पाते फिरत असताना त्याच्याजवळ दुसरे कोणतेही विमान टांगणे शहाणपणाचे नाही. मग पोलादी कपाटाचा माथा उरतो. तेथे धूळ बसते आणि विमानाची फक्त पोटाची बाजू दिसते.

जागेचा प्रश्न सुटला तरी कामाचा राहतोच. एकास बहात्तरवरून एकास अठ्ठेचाळीसवर जाताना लांबी दीडपट होते, पण रंगवायचा पृष्ठभाग सव्वादोन पट आणि आकारमान जवळजवळ साडेतीन पट होते. मोनोग्राम या अमेरिकन कंपनीने १९७७ मध्ये एकास अठ्ठेचाळीसचे बी-२९ बाजारात आणले. अनेक बी-२९ विमानांना रंग दिलेला नसे. ॲल्युमिनियमचा उघडा पत्राच चकाकत असे. ही चकाकी प्लॅस्टिकवर आणणे म्हणजे हौशी माणसाच्या धीराची कसोटी. हिरव्या-तपकिरी रंगाखाली दोष लपतात, चंदेरी रंगाखाली दुप्पट उठून दिसतात. दोन भागांच्या सांध्यात लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचे, चंदेरी रंगाचा हात मारायचा, ओरखडा दिसला की पुन्हा घासायचे. सव्वादोन पट पृष्ठभागावर हे सव्वादोन पट वेळा करावे लागते. त्यात आणखी एक अडचण. बी-२९ आणि बी-२४ लिबरेटर ही नाकाखाली चाक असणारी विमाने. प्रतिकृतीच्या नाकात पुरेसे वजन घातले नाही, तर ती शेपटीवर बसते आणि नाकाचे चाक हवेत लटकते. बी-२९ चे नाक तर जवळजवळ पूर्ण काचेचे. शिशाचे छर्रे वैमानिकाच्या मांडीवर ठेवता येत नाहीत. ते कोठेतरी त्याच्या पाठीमागे, भिंतीआड किंवा फळीखाली दडवावे लागतात. प्रमाण जितके मोठे तितके शिसे जास्त, आणि ते सारे बारीक प्लॅस्टिकच्या चाकांच्या पायांवर येते.

एवढे करून मोठ्या प्रमाणात मिळते काय? मिळतात ती माणसे. ब्रिटनच्या लँकेस्टर विमानात सात जण असत. त्यांच्यापैकी एक जण शेपटीच्या टोकाला, काचेच्या फिरत्या घुमटीत, चार मशीनगनांमागे बसे. बाकीचे सहा जण त्याच्यापुढे. हा एकटा मागे, पाठ सर्वांकडे आणि तोंड काळोखाकडे. थंडी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत उतरे. घुमटी इतकी अरुंद, की अनेकदा त्याचे पॅराशूट त्याच्या अंगावर नसे, मागे दाराबाहेर लटकवलेले असे. एकास एकशे चव्वेचाळीस प्रमाणात ही घुमटी हरभऱ्याच्या दाण्याएवढी होते. तिला एक ठिपका रंग लावला की काम झाले. तिच्यात कोणी बसत असे याची आठवणही होत नाही. एकास बहात्तरमध्ये माणूस जेमतेम अडीच सेंटीमीटरचा होतो. तो आत आहे एवढे कळते. एकास बत्तीसमध्ये तो साडेपाच सेंटीमीटरचा होतो. अलीकडे या प्रमाणातही लँकेस्टरचे किट निघाले आहे. त्याचा पंखविस्तार सत्त्याण्णव सेंटीमीटर. त्यात बंदुकांच्या गोळ्यांचे पट्टे दिसतात आणि धडातून आडवी जाणारी पंखांची तुळई दिसते. अवजड कपडे आणि बूट घातलेल्या माणसाला ती ओलांडून पलीकडे जावे लागे. विमानाला आग लागली असताना या वाटेने बाहेर पडणे काय असेल, हे ती तुळई पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. ब्रिटिश बाँबर कमांडच्या सुमारे १,२५,००० विमानकर्मींपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले.

म्हणून ज्याला विमान आतून समजून घ्यायचे आहे त्याने मोठे प्रमाण घ्यावे, यात वाद नाही. मात्र मोठे प्रमाण म्हणजे अधिक खरे, ही समजूत मात्र तपासून पाहावी. किटमधील प्लॅस्टिक एक मिलिमीटर जाड असते. एकास बहात्तरने गुणले, तर ते सात सेंटीमीटर जाडीचे चिलखत ठरते. खऱ्या विमानाचा पत्रा बहुतेक ठिकाणी जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असे. त्यावरील पाच मिलिमीटरचे रिव्हेटचे डोके प्रतिकृतीत माणसाच्या केसाच्या जाडीएवढे व्हायला हवे. ते तसे करता येत नाही आणि केले तर दिसत नाही. म्हणून किट तयार करणारा ते थोडे मोठे करतो, आणि पाहणारा ‘काय बारकावे आहेत!’ म्हणून मान डोलावतो. रंगाचेही असेच. मूळ विमानाचा अगदी तोच हिरवा रंग छोट्या प्रतिकृतीला दिला, तर ती काळपट दिसते. म्हणून जाणकार त्यात थोडा पांढरा मिसळतात. खरे वाटावे म्हणून पदोपदी थोडे खोटे करावे लागते, आणि एकास बत्तीसही त्यातून सुटत नाही.

शिवाय एकटी प्रतिकृती कितीही मोठी असली, तरी तिच्यावरून विमान किती मोठे होते हे कळत नाही. ते कळते शेजारी दुसरे काहीतरी त्याच प्रमाणात ठेवल्यावर. येथे एकास बहात्तरची खरी बाजू आहे. या प्रमाणात जवळजवळ सर्व देशांची, सर्व आकारांची विमाने मिळतात, आणि मोठ्यातले मोठेही घरात कसेबसे मावते. एक उदाहरण भारताचेच घ्यावे. युद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांनी कानपूरला अनेक बी-२४ लिबरेटर विमाने निकामी करून सोडून दिली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने त्यांतील चाळीसच्या आसपास विमाने पुन्हा उडण्याजोगी केली. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला अवजड बाँबफेकी विमाने मिळाली ती अशी, भंगारातून. १९४८ मध्ये या विमानांवर वायुसेनेचे पाचवे स्क्वाड्रन उभे राहिले. १९५१ मध्ये पुण्यात सहावे स्क्वाड्रन सागरी टेहळणीसाठी सज्ज झाले. १९६८ च्या अखेरीपर्यंत लिबरेटर भारताच्या सेवेत होते. त्यांतील एक दिल्लीला पालम येथील वायुसेनेच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

हे लिबरेटर एकास बहात्तरमध्ये साडेशेहेचाळीस सेंटीमीटर भरते. त्याच्या शेजारी त्याच वायुसेनेचे स्पिटफायर ठेवावे, साडेपंधरा सेंटीमीटरचे. एकापुढे दुसरे अगदी छोटे दिसते. मग १९५७ मध्ये आलेले कॅनबेरा ठेवावे. जेट इंजिनांचे, कितीतरी अधिक वेगवान. पण पंखविस्तार अवघा सत्तावीस सेंटीमीटर. नवे विमान जुन्यापेक्षा लहान, हे वाचून पटकन ध्यानात येत नाही, फळीवर पाहताच येते. एकास अठ्ठेचाळीसचे लिबरेटर अधिक सुंदर होईल, पण ते या फळीवर परके ठरेल. प्रचंड विमानांसाठी एकास बहात्तरच घ्यावे, असे म्हणावेसे वाटते ते यासाठी. कोणाला ते कंजूषपणाचे वाटेल, वाटू द्यावे.

एक गोष्ट मात्र कोणत्याच प्रमाणातील खोक्यात येत नाही. ती म्हणजे विमानाच्या खालचा प्रदेश. बी-२९ ची पहिली युद्धमोहीम भारतातूनच निघाली होती. बंगालमधील खरगपूरच्या परिसरातील धावपट्ट्यांवरून ५ जून १९४४ रोजी ही विमाने बँकॉकवर गेली. सरळ रेषेत ते अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक; एकास बहात्तरमध्येही वीस किलोमीटरांच्या पुढे. म्हणजे साठ सेंटीमीटरचे विमान जर ठाण्याहून निघाले, तर त्याचे लक्ष्य दादरच्या आसपास असेल. ९ आणि १० मार्च १९४५ च्या रात्री याच विमानांनी टोकियोवर आगीचा वर्षाव केला. त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली असा अंदाज आहे.

हिरोशिमावर अणुबाँब टाकणारे ‘एनोला गे’ अमेरिकेने जपून ठेवले आहे. ते एकास एक प्रमाणातील, म्हणजे खरेच विमान. तरी त्यालाही जागा पुरली नाही. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या संग्रहालयात त्याच्या धडाचा केवळ पुढचा भाग मांडता आला. शहराबाहेरील नव्या, विस्तीर्ण इमारतीत संपूर्ण विमान डिसेंबर २००३ मध्ये लोकांसमोर आले. १९९५ च्या प्रदर्शनाच्या वेळी मोठा वाद झाला, पण तो जागेवरून नव्हता. विमानाच्या शेजारी काय मांडावे, खाली मेलेल्यांबद्दल किती सांगावे, यावरून तो होता. आधी ठरलेले प्रदर्शन रद्द झाले आणि विमान जवळजवळ एकटेच मांडले गेले.

नौदलाच्या प्रतिकृतींचा हिशेब येथे पुन्हा लावता येतो. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी ते विमान हिरोशिमावर सुमारे ९,४०० मीटर उंचीवर होते. एकास बहात्तर प्रमाणात ही उंची १३० मीटर होते. म्हणजे साठ सेंटीमीटरची प्रतिकृती नेमक्या अंतरावर ठेवायची, तर ती चाळीस मजली इमारतीच्या गच्चीच्याही वर टांगावी लागेल. बाँब चार सेंटीमीटरचा, हाताच्या बोटापेक्षा लहान. तो फुटला ती जागा जमिनीपासून आठ मीटरांवर, दुमजली घराच्या छपराच्या किंचित वर. जमिनीवर माणसे : मोठी सव्वादोन सेंटीमीटरची, शाळेत निघालेली मुले त्याहून लहान. १३० मीटर उंचीवरून एवढ्या आकृत्या दिसत नाहीत. बाँब तेवढे अंतर उतरून यायला सुमारे त्रेचाळीस सेकंद लागले होते. आणि सेकंदांना बहात्तरने भागता येत नाही.